साक्ष कायम, फिर्याद मागे

दगड मारायचे तर हात मोकळे हवेत. अंगावरचा जाड झगा आडवा येतो. म्हणून दगड मारायला पुढे झालेल्यांनी आपापले झगे उतरवले आणि तिथे उभ्या असलेल्या एका तरुणाच्या पायाशी टाकले. त्या तरुणाचं नाव शौल. त्याने स्वतः दगड उचलला असं कुठे लिहिलेलं नाही. तो कपड्यांपाशी उभा होता आणि जे चाललंय ते त्याला मान्य होतं, एवढंच बायबल सांगतं.

मरणारा होता स्तेफन. आपल्याकडचे कॅथलिक त्याला स्टीफन म्हणतात. ख्रिस्ती परंपरेतला हा पहिला रक्तसाक्षी. येशूच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच, म्हणजे इसवी सनाच्या चौथ्या दशकात, यरुशलेम शहराबाहेर तो दगडांखाली मेला. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये त्याचा सण २६ डिसेंबरला असतो, नाताळच्या अगदी दुसऱ्या दिवशी. गोठ्यातल्या बाळाचं कौतुक पुरतं संपलेलंही नसतं आणि लगेच हा रक्ताचा दिवस उजाडतो.

मरताना स्तेफनाने मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. याबद्दल बोलताना लोक सहसा दोनपैकी एक बोलतात. एक म्हणतात, किती भाबडा माणूस. दुसरे म्हणतात, तो संत होता बाबा, आपल्याला कुठलं जमायचं. दोन्ही बाजूंनी हात जोडून झाले की मूळ मजकूर वाचायचा मात्र राहून जातो. तो वाचला तर दिसतं की हा माणूस भाबडा अजिबात नव्हता. शांत स्वभावाचा होता असंही म्हणवत नाही.

आधी एक शब्द नीट पाहू, कारण अर्ध्याहून अधिक गोष्ट त्या शब्दात आहे. ग्रीक भाषेत ‘मार्तिस’ म्हणजे साक्षीदार. कोर्टात उभा राहून ‘मी पाहिलं, मी सांगतो’ म्हणणारा साधा साक्षीदार. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलच्या भागाच्या, काळात या शब्दाला धर्मासाठी मरणारा हा अर्थ अजून पुरता चिकटलेला नव्हता. तो हळूहळू चिकटला, कारण साक्ष देणारे मारले जाऊ लागले. गंमत अशी की आपण सहज वापरतो त्या ‘शहीद’ शब्दाचं मूळही अरबीत साक्ष देण्यातच आहे. ‘हुतात्मा’ मात्र वेगळ्या घरातून आलेला. त्यात होम आहे, आहुती आहे. म्हणूनच मराठी ख्रिस्ती लोकांच्या तोंडी असलेला ‘रक्तसाक्षी’ हा शब्द मला सगळ्यांत नेमका वाटतो. रक्त आणि साक्ष, दोन्ही एकाच शब्दात.

आता गोष्ट. ती ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि सातव्या अध्यायात आहे, आणि तिची सुरुवात चक्क जेवणाच्या वाटपावरून झालेल्या कुरबुरीने होते. यरुशलेममधल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत दोन गट होते. काही जण इब्री बोलीचे, स्थानिक. काही ग्रीक बोलणारे, बाहेरगावाहून येऊन राहिलेले. दोघेही यहुदीच. रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावललं जातं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, तोडगा काढला की सात चांगली माणसं निवडा आणि हे काम त्यांच्याकडे सोपवा. सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप दिलं गेलं, असं दिसतं. यादीत पहिलं नाव स्तेफनाचं.

वाटपाचं काम करता करता हा माणूस बोलूही लागला, आणि वादात कुणाला ऐकेना. शहरातल्या काही सभास्थानांची माणसं त्याच्याशी भांडली. त्यात एक सभास्थान लिबर्तिनांचं होतं, म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांचं. वादात हार जात नाही म्हटल्यावर त्यांनी खोटे साक्षीदार उभे केले. आरोप दोन होते: हा यरुशलेमच्या मंदिराविरुद्ध बोलतो आणि मोशेच्या नियमशास्त्राविरुद्ध, म्हणजे यहुद्यांच्या धर्मनियमांविरुद्ध, बोलतो. मग त्याला न्यायसभेपुढे नेलं. प्रमुख याजकाने विचारलं, हे खरं आहे का?

इथे स्तेफनाला सुटायला जागा होती. ‘असं मी म्हणालो नव्हतो’ एवढं पुरलं असतं. त्याऐवजी त्याने भाषण सुरू केलं, आणि ते ‘प्रेषितांची कृत्ये’मधलं सगळ्यांत लांब भाषण आहे, पन्नासहून अधिक वचनांचं. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचताना ते कंटाळवाणं वाटतं. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासून सुरुवात, मग योसेफ, मग मोशे, तेही सविस्तर. ऐकणाऱ्यांना हे सगळं तोंडपाठ असणार. पण त्यात एक धागा आहे. योसेफाला त्याच्याच भावांनी विकलं, पुढे तोच त्यांचा अन्नदाता झाला. मोशेला त्याच्याच लोकांनी ‘तुला आमच्यावर अधिकारी कुणी नेमलं?’ म्हणून झिडकारलं, पुढे तोच सोडवणारा ठरला. ज्याला घरच्यांनी नाकारलं त्यालाच देवाने पाठवलेलं असतं, हे तो उदाहरणामागून उदाहरण देत सांगतो आहे. आणि देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही, असं संदेष्ट्याचं वचन देऊन मंदिराच्या आरोपालाही तो तोंड देतो. मग आवाज एकदम चढतो: अहो ताठ मानेच्या लोकांनो, तुम्ही तुमच्या बापजाद्यांसारखेच आहात, कुठल्या संदेष्ट्याचा छळ त्यांनी केला नाही? नियमशास्त्र तुम्हाला मिळालं, पण तुम्ही ते पाळलं नाही.

क्षमेचं उदाहरण म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो मरणाच्या काही क्षण आधी असा बोलत होता.

या ठिकाणी थोडं थांबायला हवं, कारण या उताऱ्याचा पुढे शेकडो वर्षं भयंकर गैरवापर झाला. ‘यहुद्यांनी मारलं’ असं म्हणत युरोपात यहुद्यांवर अत्याचार झाले. पण स्तेफन यहुदी होता, शौल यहुदी होता, न्यायसभा यहुदी होती, आणि ज्या संदेष्ट्यांच्या भाषेत तो रागावला तेही यहुदीच. हे घरातलं भांडण आहे. घरातलाच माणूस घरच्यांना एवढ्या तोडून बोलतो. बाहेरच्याने ते वाक्य उचलून हत्यार म्हणून वापरलं, हा त्या वाक्यावरचाच अन्याय.

ऐकणारे दात खाऊ लागले. स्तेफनाने वर पाहिलं आणि म्हणाला, आकाश उघडलेलं मला दिसतंय आणि मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) देवाच्या उजवीकडे उभा आहे. यातला ‘उभा’ शब्द लक्षात ठेवा. बाकी ठिकाणी, लूकच्या शुभवर्तमानातसुद्धा (म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात), तो देवाच्या उजवीकडे ‘बसलेला’ असतो. इथे उभा आहे. भाष्यकारांनी यावर बरंच लिहिलं आहे. कुणी म्हणतात तो स्तेफनाला घ्यायला उठला, कुणी म्हणतात तो साक्षीदार म्हणून उभा राहिला. मला दुसरं जास्त पटतं, कारण सगळा प्रसंगच कोर्टाचा आहे. खालच्या कोर्टात खोटे साक्षीदार उभे आहेत, आणि वरच्या कोर्टात खरा.

लोकांनी कान झाकून घेतले, ओरडले, त्याला शहराबाहेर ढकलत नेलं आणि दगडमार केली. जुन्या नियमशास्त्राप्रमाणे पहिला दगड साक्षीदारांनी टाकायचा असतो, म्हणजे खोटं बोलणाऱ्यालाही आपल्या हाताने ते निभवावं लागावं. म्हणून झगे काढले ते साक्षीदारांनी. ही रीतसर शिक्षा होती की जमाव बिथरला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मजकुरात दोन्हीची छटा आहे.

दगड पडत असताना तो दोन वाक्यं बोलला. पहिलं स्वतःसाठी: प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर. मग गुडघे टेकून, मोठ्याने, दुसरं: प्रभू, हे पाप त्यांच्या नावावर मांडू नकोस. एवढं बोलून तो ‘झोपी गेला’. लूकने मरणाला हाच शब्द वापरला आहे.

ही वाक्यं वाचून कुणालाही येशूचा क्रूस आठवेल, आणि तसं आठवावं अशीच रचना आहे. लूकचं शुभवर्तमान आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ हे एकाच लेखकाचे दोन भाग. पहिल्या भागात क्रूसावरचा येशू म्हणतो, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.’ आणि अखेरीस, तुझ्या हाती मी माझा आत्मा सोपवतो. दुसऱ्या भागात शिष्य त्याच दोन गोष्टी बोलतो, फक्त क्रम उलटा. येशूने आधी क्षमा मागितली, मग आत्मा सोपवला. स्तेफनाने आधी आत्मा सोपवला आणि शेवटचा श्वास मारणाऱ्यांसाठी ठेवला. गुडघे टेकल्याचा उल्लेखही या दुसऱ्या वाक्यालाच जोडून येतो.

जाता जाता सांगायला हवं की येशूचं ते क्षमेचं वाक्य काही फार जुन्या, महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही. ते नंतर घातलं गेलं की नक्कल करणाऱ्यांनी गाळलं? इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, तेव्हा ‘क्षमा कुठे मिळाली?’ असं वाटून कुणी ते वगळलं असावं, असा एक तर्क आहे. वाद मिटलेला नाही. स्तेफनाच्या वाक्याबाबत मात्र असा वाद नाही.

पण दोन्ही वाक्यांत एक मोठा फरक आहे आणि तो बहुतेक प्रवचनांत निसटतो. येशू कारण देतो: त्यांना समजत नाही. स्तेफन कारण देत नाही. त्याने तर नुकतंच म्हटलंय की नियमशास्त्र तुम्हाला मिळालेलं आहे, म्हणजे तुम्हाला समजायला हवं होतं. ‘बिचारे अजाण आहेत’ ही सवलत त्याने दिली नाही. आणि तरीही मागणं तेच. शिवाय त्याने त्याला ‘पाप’ म्हटलं. चूक नाही, गैरसमज नाही. झालं ते पाप होतं, हे शेवटच्या वाक्यातही ठणकावून सांगितलेलं आहे.

मग तो नेमकं सोडतो काय?

त्याच्या वाक्यातलं ग्रीक क्रियापद ‘उभं करणं’ या अर्थाचं आहे. हे पाप त्यांच्याविरुद्ध उभं करू नकोस. चार वचनं आधी मनुष्याचा पुत्र ‘उभा’ दिसला तेव्हाही तेच क्रियापद. मराठीत हे जितकं सहज कळतं तितकं फार थोड्या भाषांत कळत असेल, कारण आपल्याकडे खटलाही ‘उभा राहतो’. स्तेफन वरच्या कोर्टाला सांगतो आहे की माझा खटला उभा करू नका. साक्षीदार म्हणून त्याने एक शब्दही मागे घेतलेला नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो फिर्यादी म्हणून मात्र त्याने फिर्याद मागे घेतली. साक्ष देणारा आणि फिर्याद करणारा या एकाच माणसातल्या दोन भूमिका आहेत आणि त्या वेगळ्या करता येतात, हे या प्रसंगात मला सर्वांत मोलाचं वाटतं. रक्तसाक्ष्यांची निष्ठा एका भूमिकेत असते, क्षमा दुसरीत. एकीमुळे दुसरी पातळ होत नाही.

नव्या करारात क्षमेसाठी सगळ्यांत जास्त येणारा शब्दही असाच व्यवहारातला आहे: सोडून देणं, कर्ज सोडणं. येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितलेला दाखला याच हिशोबावर उभा आहे. भावाला किती वेळा माफ करायचं, सात वेळा? असं पेत्र या शिष्याने विचारलं. उत्तर आलं, सातच्या सत्तरपट. आणि मग गोष्ट: एका चाकराच्या डोक्यावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! दीड लाखाहून जास्त वर्षं राबला तरी न फिटणारी. राजा ते सोडून देतो. बाहेर पडल्यावर या गृहस्थाला भेटतो त्याचाच एक सोबती, त्याचे शंभर दिनार देणं असलेला, आणि हा त्याचा गळा धरतो. शंभर दिनार म्हणजेही तीन-चार महिन्यांची कमाई, अगदीच क्षुल्लक नाही, हे विसरू नये. दाखला असं म्हणत नाही की तुझं काही गेलंच नाही. गेलं, पण तुझी वही कुठल्या वहीशेजारी ठेवली आहे ते बघ.

स्तेफनाआधी धर्मासाठी मरणारे काय म्हणत होते, ते पाहिल्यावर त्याच्या वाक्याचं वजन आणखी कळतं. जुन्या करारात, दुसऱ्या इतिहासाच्या चोविसाव्या अध्यायात, जखऱ्या नावाचा याजकपुत्र आहे. त्यानेही राजा आणि लोकांना खडसावलं, त्यालाही दगडांनी मारलं, तेही मंदिराच्या अंगणात. आणि ज्या योवाश राजाच्या हुकमाने मारलं, त्याला लहानपणी जिवावरच्या संकटात मंदिरात दडवून ठेवून पुढे गादीवर बसवणारा जखऱ्याचाच बाप होता. मरताना जखऱ्या म्हणाला: परमेश्वर हे पाहो आणि याचा झाडा घेवो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (हे कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही) सात भाऊ आणि त्यांची आई अंत्युखस राजाच्या छळाखाली मरतात. तेही नियमशास्त्राशी पक्के राहतात आणि राजाला तोंडावर सांगतात की देव तुला आणि तुझ्या वंशाला सोडणार नाही.

त्यांना कमी लेखायचं कारण नाही. त्यांनीही सूड स्वतः घेतला नाही, तो देवाकडे सोपवला. आणि ही जुनी हाक नव्या करारातून गेली असंही नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात, वेदीखाली मारल्या गेलेल्यांचे आत्मे ओरडताना दिसतात: हे प्रभू, किती काळ? आमच्या रक्ताचा न्याय तू कधी करणार? त्यांना कुणी गप्प बसवत नाही. ‘तुम्ही तर ख्रिस्ती, असं काय बोलता?’ असं कुणी म्हणत नाही. प्रत्येकाला पांढरा झगा दिला जातो आणि अजून थोडा वेळ थांबा असं सांगितलं जातं.

म्हणजे एकाच ग्रंथात दोन आवाज आहेत: ‘त्यांच्या नावावर मांडू नकोस’ आणि ‘कधी न्याय करणार?’ मी जितकं वाचतो तितकं वाटतं की हे दोन्ही ठेवले आहेत ते जाणूनबुजून. दोघांनी वही देवाच्या हाती दिली आहे. एकाने त्यातलं पान कोरं ठेवायला सांगितलं, दुसरे ते वाचून दाखवा म्हणत आहेत. काइनाने मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतं असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. इब्री लोकांस पत्र म्हणतं की येशूचं रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा चांगलं बोलतं. रक्त बोलतं, हे मात्र दोन्हीकडे गृहीत आहे.

निष्ठेबद्दलही असंच थोडं खोदावं लागतं. ग्रीकमध्ये ‘पिस्तिस’ हा एकच शब्द विश्वास आणि विश्वासूपणा या दोन्हींसाठी चालतो. आपल्याकडेही ‘विश्वास’ आणि ‘विश्वासू’ सख्खी भावंडंच. पहिल्या शब्दात दुसऱ्यावर भार टाकणं आहे, दुसऱ्यात स्वतः भार पेलणं. प्रकटीकरणात आजच्या तुर्कस्तानातल्या स्मुर्णा शहराच्या मंडळीला लिहिलं आहे: मरेपर्यंत विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुकुट देईन. मुकुटाला तिथे ग्रीक शब्द आहे ‘स्तेफनोस’. म्हणजे पहिल्या रक्तसाक्ष्याचं नावच मुकुट! हा योगायोग जुन्या धर्मगुरूंना फार आवडायचा. शेजारच्या पर्गम शहरात मारल्या गेलेल्या अंतिपाचं फक्त नाव येतं आणि ‘माझा विश्वासू साक्षीदार’ एवढीच ओळख. तो कसा मेला, काय बोलला, काही नाही. प्रेषित याकोबाला हेरोद राजाने तलवारीने मारलं, त्यालाही एकच वचन मिळालं. बायबलमध्ये हौतात्म्याचं रसभरीत वर्णन जवळजवळ नाहीच. तो सोस पुढच्या शतकांचा.

आणि जो विश्वासू राहिला नाही त्याचं काय? पेत्राने एका रात्रीत तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं. साक्षीदारानेच साक्ष फिरवली. योहानाच्या शुभवर्तमानात हे घडतं कोळशाच्या विस्तवापाशी, थंडीत शेकताना. त्याच पुस्तकाच्या शेवटी, पुन्हा उठलेला येशू समुद्राकाठी कोळशाचा विस्तव करून मासे भाजत असतो. न्याहारी झाल्यावर तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? कोळशाच्या विस्तवासाठीचा तो शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. त्या रात्रीचा हिशोब त्याच धुरात मिटवला जातो, आणि तिथेच पेत्राला कळतं की पुढे त्यालाही मरून साक्ष द्यावी लागणार आहे.

ही बाजू पहिल्या ख्रिस्ती लोकांनी चांगली ओळखली होती. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात छळ झाला. तिथल्या मंडळीने लिहिलेलं पत्र युसेबियस या इतिहासकाराने जपून ठेवलं आहे. त्यात सांगितलंय की मरणाऱ्यांनी स्तेफनासारखीच छळणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. त्याच पत्रात असंही आहे की जे घाबरून नाकारून बसले त्यांच्यावरही या लोकांनी बोट उगारलं नाही, उलट आईच्या मायेने त्यांना जवळ केलं, आणि त्यांतले अनेक पुढे पुन्हा उभे राहिले. मला विचाराल तर शत्रूला माफ करण्यापेक्षा हे अवघड. शत्रू निदान शत्रू तरी असतो.

आपल्या जवळचं एक उदाहरणही या माळेत आहे. वसईत पोर्तुगीज बाप आणि इथल्या आईच्या पोटी जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधल्या नागासाकी इथे क्रूसावर मारले गेले. त्या दिवशी एका टेकडीवर सव्वीस क्रूस होते. शेजारच्याच क्रूसांपैकी एकावर पॉल मिकी हे जपानी धर्मबंधू होते. मरणाआधी जमलेल्या लोकांना त्यांनी क्रूसावरूनच सांगितलं की मी गुन्हेगार म्हणून मरत नाही, आणि माझ्या मृत्यूचा हुकूम देणाऱ्यांना मी माफ करतो. पुन्हा तीच घडण: आधी साक्ष, मग फिर्याद मागे. १८६२ मध्ये या सव्वीसही जणांना संत घोषित केलं गेलं. वसईतलं एक कॉलेज आज गार्सियांच्या नावाने चालतं.

या सगळ्याचा अर्थ ‘मार खा आणि गप्प बस’ असा काढला जातो, तेव्हा मात्र मजकूर उघडून दाखवावासा वाटतो. विशेषतः घरात मार खाणाऱ्या बाईला कुणी स्तेफनाचं उदाहरण देऊ लागलं तर. स्तेफन मेल्यावर धार्मिक माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी मोठा शोक केला. ‘त्याने तर माफ केलं, आता रडायचं कशाला’ असं कुणी म्हटलं नाही. छळ वाढला तसे बाकीचे शहर सोडून पांगले. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावाला पळा, हे येशूनेच सांगून ठेवलं होतं. पुढे पौलाला फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि सकाळी गुपचूप जा म्हणाले, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. यायला लागलं त्यांना. नंतर एकदा तर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली. क्षमा करणाऱ्याने कायद्याची दारं बंद करावीत, असं या पुस्तकात कुठेही नाही. आणि लक्षात घ्या, ना येशूने ना स्तेफनाने आजूबाजूच्यांना ‘तुम्हीही यांना माफ करा’ असं सांगितलं. प्रत्येकाने फक्त स्वतःची फिर्याद मागे घेतली.

हा पौल म्हणजेच तो कपड्यांपाशी उभा असलेला शौल. स्तेफन गेल्यावर तो घरोघरी शिरून बायका-पुरुषांना ओढून तुरुंगात टाकत होता. पुढे दिमिष्काच्या (आजच्या दमास्कसच्या) वाटेवर त्याला प्रकाश दिसला, तो पडला, आंधळा झाला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यानंतरचं लहानसं दृश्य मला अधिक धरून ठेवतं. दिमिष्कात हनन्या नावाचा शिष्य राहत होता. शौल ज्यांना बांधून न्यायला निघाला होता, त्यांच्यापैकीच एक. त्याला दृष्टान्तात सांगितलं गेलं की शौलाकडे जा. त्याने आधी सरळ कुरकूर केली: या माणसाबद्दल मी पुष्कळ ऐकलंय. मग गेला. त्या घरात शिरला, आंधळ्या शौलावर हात ठेवले आणि पहिला शब्द उच्चारला: शौल, भाऊ. स्तेफनाने देवाकडे मागितलं होतं ते या एका शब्दात माणसाच्या तोंडून उतरलं. चौथ्या-पाचव्या शतकातले धर्मगुरू ऑगस्टीन तर म्हणायचे की स्तेफनाने तशी प्रार्थना केली नसती तर चर्चला पौल मिळाला नसता.

स्तेफन मात्र पौलाच्या मनातून गेलेला दिसत नाही. कित्येक वर्षांनी यरुशलेममध्ये संतापलेल्या जमावापुढे स्वतःची कहाणी सांगताना आपण प्रभूला काय म्हणालो ते तो सांगतो: तुझा साक्षीदार स्तेफन याचं रक्त सांडलं तेव्हा मी तिथेच उभा होतो, मारणाऱ्यांचे कपडे राखत होतो.

नव्या करारात पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं दुसरं पत्र आहे. ते पौलाने स्वतः लिहिलं की त्याच्या नावाने नंतर कुणी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यातला आवाज तुरुंगात मरणाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या पौलाचा आहे. चौथ्या अध्यायात तो लिहितो की अलेक्सांद्र तांबटाने मला फार त्रास दिला, प्रभू त्याची फेड करील. दोनच वचनांनंतर: माझ्या पहिल्या सुनावणीला कुणीही माझ्या बाजूला उभं राहिलं नाही, सगळे सोडून गेले, हे त्यांच्या हिशोबी धरलं न जावो. जखऱ्याही तिथे आहे आणि स्तेफनही, एकाच पानावर, एकाच माणसाच्या तोंडी.

आणि या दोन्हींच्या किंचित आधी, तांबटाच्या अगदी लगतच्या ओळीत, एक घरगुती निरोप आहे. त्रोवस गावात कार्पाकडे माझा झगा राहिला आहे, येताना तो घेऊन ये. आणि पत्राच्या अखेरीस: हिवाळ्याआधी यायचं बघ.